आईची तोंडी परीक्षा

जव्हार-मोखाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला पाठ आहे. एक धबधबा. भिंतीवरची पांढरी चित्रं. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणारी बाई, आणि तिच्या मागे एक सुकलेलं पोरगं. आता त्यात मी 'आई', 'मेंदू' आणि 'कॅन्सर' हे तीन शब्द टाकले की तुम्ही रुमाल शोधायला लागणार. राहू द्या. रुमाल खिशात ठेवा. पेढेही मागू नका. ही रडायची गोष्ट नाही, आणि 'जिद्दीने मात केली' असं फळ्यावर लिहायचीही नाही. आणि पैशांचं कसं जमवलं, ते मी सांगणारच नाही. आमच्याकडच्या माणसाला सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, म्हणून.

ही गोष्ट आहे माझ्या आईच्या तोंडाची.

मी नकला करतो. पोट भरतं जव्हारच्या मोबाईल दुकानात, पण गाव मला ओळखतं ते नकलांनी. घाट चढताना गिअर बदलणारी एसटी, पीठगिरणीचा पट्टा, शाळेचे हेडमास्तर, ग्रामसभेत माईक आपटणारे भाऊसाहेब, अंडं दिल्यावर गाव गोळा करणारी कोंबडी. हळद असो, गणपती असो, मला स्टेजवर ढकलतात. पण माझी सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे आई. आमच्या गावात, साखरशेतात, अर्ध्या पाड्याला तिच्या शिव्या ऐकू जातात, त्यामुळे प्रेक्षकांना काही समजावून सांगावं लागत नाही. मी नुसतं कमरेवर हात ठेवून "ए मेल्या" म्हटलं की लोक लोळतात.

आई शाळेत गेली नाही. तिला सही येते, ती मी सहावीत असताना शिकवली. ती आधी वरची रेघ ओढते, पार टोकापर्यंत, आणि मग तिला एक-एक अक्षर टांगते. वाळत घातल्यासारखं. आणि तिला मोजता येतं. पण तिचं मोजणं विसाचं. हाताची दहा बोटं, पायाची दहा, झाली एक ईस. दोन इसा म्हणजे चाळीस, पाच इसा म्हणजे शंभर. भाताच्या लावणीला रोपांच्या मुठी ती अशाच मोजायची. मी तिला चिडवायला मुद्दाम चुकीचं मोजायचो. "तीन इसा, पाच इसा..." शेताच्या त्या टोकाहून, पाठ वळलेली असताना, तिचा आवाज यायचा, "चार कठं गेली? तुझ्या पोटात?" चुकीचं मोजणं तिला सहन व्हायचं नाही. पायात काटा गेला तर ती चालत राहील, पण आकडा चुकला तर थांबणार.

तर ती आजारी आहे हे आम्हाला कसं कळलं? ती शिव्या द्यायची थांबली.

आधी शब्द चुकायला लागले. मीठ मागायचं तर कोयता मागायची. एकदा अंगणातल्या कोंबडीकडे बोट करून म्हणाली, "ती एसटी हाकल." मी पोट धरून हसलो. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी आईला विनोद जमला. मी ती 'एसटी हाकल' दोन कार्यक्रमांत वापरली सुद्धा. लोक हसले. मग एक दिवस मी रात्रीचा भात जाळला, सगळं भांडं काळं, आणि आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. एक शब्द नाही. तेव्हा बापाने मला बाहेर नेलं आणि म्हणाला, "हिला काय तरी झालाय. ही तुला काय बोलली नाय."

जव्हारहून नाशिक, नाशिकहून मुंबई. फोटोत मेंदूत ठिपका. डोक्याला बारीक भोक पाडून तुकडा काढला आणि नाव सांगितलं, लिम्फोमा. लांबलचक सलाईनमधून औषधं चढली, महिने गेले, आईचे केस गेले आणि तोंड परत आलं. घरी आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं असेल तर त्या जळलेल्या भांड्याचा हिशोब चुकता केला. साधारण वर्षभर आम्ही शिव्या खात सुखात होतो. मग एक दिवस ती पुन्हा मिठाला कोयता म्हणाली. या वेळेला मी हसलो नाही.

पाहुणे जमले. एक काका म्हणाले, "आता किती वेळा नेणार? घरी ठेवा, गोडधोड खाऊ घाला, सेवा करा." आई कोपऱ्यात बसून शब्द शोधत होती. सापडायला वेळ लागला, पण सापडले. "सेवा तुझी कर. मना औषध पायजे."

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यातल्याच काही बिघडल्या आणि वाढत सुटल्या, तोच हा आजार.

आई म्हणाली, "कुंपनच शेत खातंय."

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच." मग पुढे सांगितलं. राखणदारांची दुसरी एक जात असते, टी पेशी. त्या या चोरांना ओळखत नाहीत, घरचेच समजून सोडून देतात. म्हणून आईच्या रक्तातून त्या काढायच्या, प्रयोगशाळेत न्यायच्या, त्यांच्यात बदल करून चोर ओळखायला शिकवायचं, तिथेच वाढवायच्या आणि परत आईच्या अंगात सोडायच्या. रक्तातून त्या मेंदूपर्यंत जातात.

आईने ते बोटांवर एक-एक लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे माझंच कुत्रं न्यायचा. चोराचा वास द्यायचा. आन् माझ्याच घरात सोडायचा."

"हो."

"मंग ते मना बी चावंल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चावू शकतं," ते म्हणाले. "ताप येतो. आणि काही जणांना मेंदूवर परिणाम होतो. बोलणं अडकतं, माणूस गोंधळतो. बहुतेकांचं परत येतं. आम्ही लक्ष ठेवू. पण तुमच्या बाबतीत ठिपका मेंदूतच आहे, त्यामुळे जास्तच लक्ष ठेवावं लागेल."

"आन् सोडला नाय तर?"

"तर चोर आहेच घरात."

"सोड मंग कुत्रं," आई म्हणाली. डॉक्टरांना तिने एकेरीत सांगितलं. ती देवालाही एकेरीतच सांगते.

एका दंडातून रक्त मशीनमध्ये, दुसऱ्या दंडातून परत, असं अर्धा दिवस चाललं. पेशी शिकायला गेल्या. त्यांना शिकायला काही आठवडे लागले. मला दहावी पास व्हायला दोन खेपा लागल्या, त्यामुळे मी काही बोललो नाही. मग तीन दिवस पूर्वतयारीची औषधं. आणि मग ती पिशवी. मला वाटलं होतं, मोठी बाटली असेल, भोंगा वाजेल. हाताच्या तळव्यात मावेल एवढी पिशवी. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात संपली. आई म्हणाली, "एवढंसंच? कुत्रं नाय, पिल्लू हाय."

त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, ते सांगतो. कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

पेशी सोडल्यावर मेंदूवर परिणाम होतोय का ते ओळखायला हॉस्पिटलवाले रोज एक परीक्षा घेतात. दहा मार्कांची. साल कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं, हॉस्पिटल कोणतं, चार मार्क. तीन वस्तू ओळखा, तीन मार्क. सांगितलेली कृती करा, एक. एक वाक्य लिहा, एक. आणि शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटं मोजा, एक. मार्क उतरले की कुत्रं चावलं. सुरुवातीला माणूस मुळात किती मार्कांचा आहे ते बघून ठेवतात, म्हणजे नंतर तुलना करता येते.

परीक्षक एक तरुण डॉक्टरीण बाई. हुशार, नीटनेटकी, वहीतली मराठी.

"आजी, आता आपण काही सोपे प्रश्न पाहूया हं."

"आजी?" आई म्हणाली. "माझ्या पोराला अजून कोन पोरगी देत नाय. मी आजी कठून झाली?"

साल विचारलं तर म्हणाली, "तुझ्या मोबाईलात हाय ना." पण सांगितलं. महिना मराठी सांगितला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. वस्तू दाखवल्या. पेन बरोबर, घड्याळ बरोबर. मग चमचा दाखवला. आमच्याकडे ढवळायच्या लाकडी पळीला डवला म्हणतात. आई चमच्याकडे बघून म्हणाली, "हे डवल्याचं पोर."

बाईंनी शून्य दिला.

वाक्य लिहायला सांगितलं. आईने रेघ ओढली, अक्षरं टांगली. सही. "हे वाक्य नाही," बाई म्हणाल्या. शून्य. मग शंभरपासून उलटं.

आई म्हणाली, "पाच इसा. चार इसा दहा. चार इसा. तीन इसा दहा. तीन इसा..." धडधडत खाली ईस, दहापर्यंत आली, एसटी घाट उतरते तशी. बाईंनी पेन थांबवलं होतं. "नाही जमत आहे," असं हळू म्हणून तिथेही शून्य. मी कागद उलटा वाचू शकतो, दुकानात गिऱ्हाईकाचा फोन वाचून-वाचून सवय झालीय. खाली लिहिलं होतं, पेशंट अशिक्षित, उत्तरं असंबद्ध.

माझं डोकं सटकलं. 'असंबद्ध' हा शब्द शाळेत मला पुष्कळ वेळा मिळालाय. पण माझ्या आईला?

मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट." आणि त्यांच्याच आवाजात, तीच गोड वहीतली मराठी, तीच मान कलती करून सुरू केलं, "ताई, आता आपण काही सोपे प्रश्न पाहूया हं. पाच इसांपासून दहा-दहा कमी करत उलटं मोजा बरं."

बाई लाल झाल्या. पण भल्या बाई. त्यांनी खरंच प्रयत्न केला. "पाच इसा... चार... चार इसा... नव्वद म्हणजे..."

"नाही जमत आहे," मी त्यांच्या आवाजात म्हटलं. "शून्य. पेशंट डॉक्टर, उत्तरं असंबद्ध."

तेवढ्यात मोठे डॉक्टर दारात. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी कागद घेतला, आईला पुन्हा मोजायला सांगितलं, बोटांवर धरत गेले, आणि शेवटी म्हणाले, "बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. आपल्याला आकडे हवेत की भाषा?" कागदाच्या कडेला त्यांनी स्वतः लिहिलं, पाच इसा म्हणजे शंभर, चार इसा दहा म्हणजे नव्वद, पार खालपर्यंत. डवल्याचं पोर चालेल. सही चालेल, मात्र रोज तीच सही, रेघ आधी. आईला दहापैकी दहा. आमच्या घराण्यातले पहिले पैकीच्या पैकी.

मी त्या दिवशी वॉर्डभर छाती काढून फिरत होतो. तीच छाती पुढे नडली.

पिशवी चढल्याच्या तिसऱ्या दिवशी ताप आला. चढला, उतरला, पुन्हा चढला. परीक्षा चालूच. सकाळ-संध्याकाळ डॉक्टरीण बाई पूर्ण घ्यायच्या. मधे दुपारी सिस्टर येऊन थोडक्यात घ्यायच्या, महिना, शहर आणि उलटं मोजणं. खोलीत येताना गाऊन, टोपी, मास्क सगळं चढवावं लागायचं. मला तर चोवीस तास मास्क. आता मला सांगा, नकला करणाऱ्याच्या तोंडावर मास्क बांधला तर काय होणार? माझे ओठ कुणाला दिसत नव्हते. सिस्टर आत आल्या की मी आईच्या आवाजात म्हणायचो, "ए बाय, सुई बारीक आन." त्या आईकडे बघायच्या, आई माझ्याकडे बघायची, आणि मग दोघी मिळून मला झापायच्या. असा आमचा दिवस जायचा.

त्यात मी एक गोष्ट अर्धी ऐकली होती. बाई बाहेर कुणाशी बोलत होत्या, की मार्क उतरले तर स्टेरॉइड सुरू करावं लागेल, पण फार दिलं तर नव्या पेशी सुस्तावतात. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. एक मार्क गेला की औषध, औषध दिलं की कुत्रं झोपणार, कुत्रं झोपलं की चोर मोकळा. म्हणजे आईचा एकही मार्क जाऊ द्यायचा नाही. दहाचे दहा.

सहाव्या दिवशी दुपारी आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सकाळी ताप होता, सकाळची परीक्षा चांगली झाली होती, फक्त सहीचं शेवटचं अक्षर जरा खाली लोंबलं होतं. मी म्हटलं, दमली असेल. सिस्टर काचेपलीकडे गाऊन घालायला लागल्या. मी हाताने खूण केली, नका घालू, जागी आहे, सांगतेय. त्यांनी भिंतीवरच्या स्पीकरमधून विचारलं, "मावशी, महिना कुठला?"

आई हलली नाही.

आणि मी मास्कच्या आतून, आईच्या आवाजात, जराशी कुरकुर घालून महिना सांगितला. शहर सांगितलं. "झोपू दे ना बाय," असंही घातलं, म्हणजे खरं वाटावं. आणि पाच इसांपासून ईस, दहापर्यंत उतरलो. घाटातलं एकही वळण चुकलो नाही. सिस्टर हसल्या, अंगठा दाखवला, गेल्या. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली नक्कल. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मनात वाजवल्या.

तासाभराने आईने कूस बदलली. मी फुशारकीने म्हटलं, "आये, तुझा पेपर मी दिला. पास झालीस."

ती माझ्याकडे बघत राहिली.

मी चमचा उचलला. "हे काय?"

ती चमच्याकडे बघत म्हणाली, "पाऊस."

"मोज, आये. पाच इसा."

"पाच इसा," ती म्हणाली. "पाच इसा. पाच इसा. पाच इसा." रेकॉर्ड अडकते तशी. मी घाबरून "ए मेल्या" म्हटलं, तिच्याच आवाजात, तिच्या तोंडासमोर. तिने मला काही म्हटलं नाही. जळलेल्या भाताच्या दिवशी बघितलं होतं तसं बघितलं.

मी मास्क ओढून काढला आणि घंटा दाबून धरली. सिस्टर, बाई, मोठे डॉक्टर, सगळे पळत आले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, दुपारचा पेपर मी दिला, ती नव्हती. लपवलं नाही. लपवायला वेळच नव्हता, खरं म्हणजे. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यानंतर त्या माझ्या नकलेला कधीच हसल्या नाहीत, आजपर्यंत.

स्टेरॉइड सुरू झालं. मोठ्या डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये घेतलं. आवाज चढवला नाही. "दोन-चार दिवसांच्या औषधाने पेशी मरत नाहीत," ते म्हणाले. "पण मेंदू सुजत असताना कुणाला कळलंच नाही, तर माणूस मरतो. ती परीक्षा तिला पास करायला नव्हती, आम्हाला कळायला होती. तासभराने निभावलं. सहा तासांनी निभावलं नसतं. तू तिच्या वतीने भांडलास ते बरोबर केलंस. तिच्या वतीने बोललास ते चूक केलंस. इथून पुढे तुझी कला गेटवरच्या वॉचमनकडे ठेवून ये."

मी मास्क पुन्हा बांधला आणि आत गेलो.

पुढचा दिवस आई गप्प. नाक, डोळे, हात जागेवर, पण आत कुणी नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद दिला. आईने वरची रेघ ओढली, पार टोकापर्यंत. मग पेन धरून बसली. टांगायला अक्षरच नव्हतं. ती नुसती रेघ बघून मला जे झालं ते मी इथे लिहिणार नाही, रुमाल ठेवायला सांगितलंय ना तुम्हाला. फोनवर बाप विचारत होता, "बोलली का?" मी म्हणत होतो, "उद्या." काकांचाही फोन आला, "बघ, आम्ही सांगत होतो." मी म्हटलं, "काका, ती डॉक्टरांना 'सोड' म्हणाली ते तिने ठरवून म्हटलंय. तुम्ही तिथे नव्हता." आणि ठेवला.

नकला तर बंद होत्या. साध्या आवाजात मी तिच्याशी किती बोलणार? साखरशेताच्या, नागलीच्या, कोंबड्यांच्या गोष्टी संपल्या. माझा स्वतःचा आवाज किती कंटाळवाणा आहे ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे पाय चोळत बसलो होतो. आणि मला भाताची लावणी आठवली, तिथलं माझं चुकीचं मोजणं. नकलेला बंदी होती, चुकायला बंदी नव्हती. मी माझ्याच आवाजात, तिच्या पायाची बोटं धरून मोजायला लागलो. उलटं. "पाच इसा. चार इसा. तीन इसा. दोन इसा." मधली सगळी दहा गाळून. पुन्हा. "पाच इसा. चार इसा. तीन इसा." पुन्हा. सिस्टर काचेतून बघत होत्या, त्यांना वाटलं असेल, आता हाही गेला. मी मोजत राहिलो. अर्धा तास तरी. जाणूनबुजून, बेशरमपणे, चुकीचं.

"पाच इसा. चार इसा—"

"दहा."

मी थांबलो. ती छताकडेच बघत होती. कपाळाला आठी पडली होती. तिची स्वतःची, जुनी आठी.

"चार इसा दहा," ती म्हणाली, एक-एक शब्द उचलून ठेवत. "दहा... कठं... गेला?"

"माझ्या पोटात गेला, आये," मी म्हटलं.

त्या दिवशी दहापैकी चार. दुसऱ्या दिवशी सात, चमचा पुन्हा डवल्याचं पोर झाला. पुढचंही थोडक्यात सांगून टाकतो. महिन्याने फोटो काढला तेव्हा ठिपका लहान झाला होता, त्याच्या पुढच्या फोटोत दिसला नाही. डॉक्टर 'बरी झाली' म्हणत नाहीत, 'सध्या दिसत नाही' म्हणतात. आई म्हणते, "कुत्रं राखन करतंय, त्याला करू दे." अजून ठरल्या तारखेला मुंबईला जावं लागतं. आणि प्रत्येक तारखेच्या आधी आम्ही घरात मीठ मागून बघतो.

पण मला सांगायचा होता तो दहाव्या मार्काचा दिवस. पिशवी चढल्याचा अकरावा दिवस होता. मोठे डॉक्टर, डॉक्टरीण बाई, सिस्टर, सगळे पलंगाभोवती. साल, महिना, शहर, सगळं झालं. सही झाली, रेघ आधी, सगळी अक्षरं जागेवर. फक्त उलटं मोजणं राहिलं होतं. बाईंनी आता शिकून घेतलं होतं, त्या म्हणाल्या, "ताई, पाच इसांपासून."

आई गप्प. ती माझ्याकडे बघत होती. मग सिस्टरकडे बघून म्हणाली, "ही बाय मना काल सांगली. तू माझ्या आवाजात बोलला?"

मी मान खाली घातली. "झोपली होतीस, आये. म्हटलं, तुझा मार्क—"

"माझा मार्क? तू कोन देनार माझा मार्क?" आवाज अजून बारीक होता, पण चढत होता. घाट चढताना एसटीचा चढतो तसा. "पाच इसा येळा सांगला तुला, दुसऱ्याच्या कामात तोंड घालू नको! चार इसा दहा येळा तुला मारला, तरी अक्कल नाय! चार इसा पोरं शाळेत होती, त्यातला तूच मेला माकड निघाला! तीन इसा दहा लोक हसतात म्हनून तुला वाटतं तू शाना?" मोठे डॉक्टर एक-एक आकडा बोटावर धरत होते, इथे त्यांनी हसून बाईंना खूण केली आणि बाईंनी दहावा मार्क लिहिला. " डॉक्टरला फसवतंस? मेंदू माझा, कुत्रं माझं, चावला तर मना चावला, आन् बोलतंस तू? माझा आवाज असा घोगरा हाय? असा हाय? लाज नाय वाटत? मी मेल्यावर बोल हवं तेवढा माझ्या आवाजात, जित्ती हाय तवर माझं तोंड मीच चालवनार! समजला का, मेल्या? आन् खाली काय बघतंस? वर बघ! मी बोलते तुझ्याशी!"